पायांकडून वर

१

दगडातून हाडं काढायचं काम बाहेरून बघणाऱ्याला फार रोमांचक वाटतं. आत बसणाऱ्याला ते दाताच्या दवाखान्यात जन्म काढल्यासारखं असतं. तोच घुंऽऽ आवाज, तीच पांढुरकी पूड, तोंडावर तोच मास्क. रोगी मरून काही कोटी वर्षं झालेली असतात, त्यामुळे तो मधेच तोंड मिटत नाही एवढंच काय ते सुख.

मी संग्रहालयाच्या तळघरात हे काम करते. टेबल, दिवा, भिंग आणि हवेच्या दाबावर चालणारं एक टोकदार अवजार. त्याला आम्ही नुसतं पेन म्हणतो. पेननं हाडाभोवतीचा दगड कणाकणानं उडवायचा, हाड दिसलं की ब्रशनं पूड झटकायची, पातळ गोंदाचा थेंब सोडायचा आणि पुढे सरकायचं. दिवसाकाठी बोटाच्या पेराएवढं काम झालं तर दिवस बरा गेला म्हणायचं.

शेजारच्या टेबलावर मिस्त्री बसतात. ते माझ्यासारखेच हाडं काढणारे. पण नवा दगड आला की त्याला थोपटून ‘कच्चा आहे’, ‘पक्का आहे’ असं सांगायची त्यांना सवय, त्यावरून हे नाव पडलं. मला काम त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “हाड असेल ते काढायचं, हवं ते कोरायचं नाही.” तेव्हा मला हा नुसता उपदेश वाटला. पण थकलेल्या डोळ्याला दगडातही हाड दिसायला लागतं, पेन त्याच्यामागे जातं आणि संध्याकाळी टेबलावर एक सुरेख, खोटं हाड तयार असतं. आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी झालेलं आहे.

त्या वर्षी माझ्या टेबलावर पक्षी आला. लांब पायांचा, उथळ पाण्यात उभा राहून भक्ष्याची वाट बघणारा. बगळा किंवा करकोचा म्हणावा तर तोही नाही. त्याची अख्खी प्रजातीच माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी संपली, मागे वारस न ठेवता. त्या प्रजातीतले आजवर मिळालेले सगळे इस्त्री केल्यासारखे चपटे होते. हा उभा होता. तळ्याच्या गाळात पाय रुतले असावेत, वरून आणखी गाळ येत राहिला असावा आणि हा उभ्याउभ्याच दगड झाला. आमच्या विभागप्रमुख मॅडमना त्याचं भारी अप्रूप होतं. नव्या दालनाच्या दाराशीच त्याला उभा करायचा असं ठरून गेलं होतं.

पक्षी असलेला दगडाचा ठोकळा खाणीतून उचलताना प्लास्टर लावून उलटा केला होता, तसा तो नेहमीच करतात. त्यामुळे मला पायांकडून सुरुवात करून वर जायचं होतं. डोकं सगळ्यात शेवटी येणार होतं.

२

घरी ताई होती.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेत पीटी शिकवायची. उंच, सडसडीत, गळ्यात शिट्टी. तिनं मैदानावर पाऊल टाकलं की मुलंच काय, शिक्षकही पोट आत घ्यायचे. आम्ही दोघीही बिनलग्नाच्या राहिलो. मला कुणी विचारलं नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही, असं तीच चारचौघांत सांगायची. निवृत्तीनंतर वर्षभरात तिला झटका आला आणि शरीराची डावी बाजू गेली.

“नशीब बघ,” हॉस्पिटलातून घरी आल्यावर ती म्हणाली, “डावी बाजू नेली, पण जीभ मधोमध होती म्हणून वाचली.”

जीभ वाचली हे खरंच. दिवसभर तिच्याजवळ बसणाऱ्या मावशींना ती कवायतीच्या आज्ञा द्यायची. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी काडीसारखी होती, तिचं नाव ताईनं पहिलवान ठेवलं. माझ्या हातचा चहा प्याली की म्हणायची, “दगडांसोबत राहून राहून तुझ्या चहालाही दगडाची चव यायला लागली.”

पण बाकी सगळं माझ्यावर होतं. सकाळी तिला उठवून बसवणं, पुसणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, भरवणं. संध्याकाळी कामावरून आले की पुन्हा तेच. रात्री दोनदा उठून कूस बदलणं. माणूस जड असतो हे आपल्याला माहीत असतं, पण ते कमरेला कळायला दोन वर्षं जावी लागतात. मी बसमध्ये उभ्याउभ्या झोपायला शिकले होते. कधीकधी तळघरात पेन हातात धरून डोळा लागायचा आणि मिस्त्री हळूच खाकरायचे.

संध्याकाळी तिला भरवताना मी पक्ष्याचं सांगायचे. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काय असणार? ती विचारायची, “कुठवर आलात तुम्ही?” जणू मी आणि तो पक्षी कुठेतरी चालत निघालो होतो.

३

पक्ष्याचा डावा पाय आधी निघाला. तीन लांब बोटं पुढे, एक आखूड मागे. गाळात रुतू नये म्हणून रुंद पसरलेली. इतक्या बारीक हाडांची अशी जागच्या जागी जुळणी मी पाहिली नव्हती. शेवटचं पेर मोकळं केलं त्या संध्याकाळी मी जरा खुशीतच घरी गेले.

मावशी दारातच भेटल्या. म्हणाल्या, “ताईंनी बोटं हलवली.”

मी पांघरूण बाजूला केलं. झटका आल्यापासून ताईच्या डाव्या पायाची बोटं मुठीसारखी आखडलेली असायची. ती आता सुटली होती. नुसती सुटली नव्हती, एकमेकांपासून जेवढी लांब जाऊ शकतील तेवढी पसरून ताठ झाली होती. मी हातानं मिटवली आणि सोडली, तर ती पुन्हा पसरली.

“दुखतंय?”

“छे. पायाखाली काहीतरी मऊ आहे असं वाटतंय,” ताई म्हणाली. ती उताणी पडलेली होती, पायाखाली काही असायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिलवान आली, तिनं चावी फिरवल्यासारखं एकेक बोट तपासलं आणि टाळी वाजवली. मज्जातंतू जागे होताहेत, म्हणाली, असं उशिरासुद्धा होतं. रोज कोमट पाण्यात पाय बुडवून बसवा. मी प्लास्टिकचा एक पसरट टब आणला. ताईला खुर्चीत बसवून आम्ही तिचे पाय त्यात सोडले. पाणी लागताच तिनं डोळे मिटले ते कितीतरी वेळ उघडले नाहीत. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी विश्रांती मिळाली.

त्याच आठवड्यात पक्ष्याच्या घोट्याशी मी लावलेला गोंद तडकलेला दिसला. तडा आडवा होता. सांधा वाकवला तर जसा पडेल तसा. मी तो बराच वेळ भिंगाखाली पाहिला. तळघराची हवा कोरडी, दगड वाळताना आकसतो, गोंद तडकतो. मी स्वतःला हे सगळं सांगितलं, ते सगळं खरंही होतं. मी नवा थेंब सोडला आणि पुढे गेले.

४

पायाची लांब हाडं निघायला पुष्कळ दिवस लागले. त्या दिवसांत ताई उभी राहिली.

आधी खुर्चीचा हात धरून, मग भिंतीला टेकून, मग कशालाच न धरता. पहिलवाननं व्हिडिओ काढून तिच्या डॉक्टरांना पाठवला. डॉक्टर म्हणाले, असा रोगी लाखात एक. इमारतीतले लोक बघायला येऊन गेले. मी बाथरूमचं दार लावून पोटभर रडले, आनंदानंच. त्या रात्री मला कुणी उठवलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी सकाळपर्यंत झोपले आणि उठल्यावर मला काही क्षण आपण कोण आहोत हेच आठवेना, इतकी गाढ.

झोप मिळायला लागली की माणूस फार काही विचारत नाही. ताई उभी राहते ती टबातच राहते, हे मला दिसत होतं. पाणी कोमट घातलं तर नाक मुरडते, तिला गारच पाणी हवं असतं, हेही. उभी राहिली की हलत नाही. पीटीच्या बाईंना सावधानमध्ये उभं राहायची सवय असणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा ती बाथरूममध्ये टबात उभी होती, फक्त डाव्या पायावर. उजवा पाय पोटाशी घेतलेला, गाऊनच्या आत कुठेतरी मिटून गेलेला. डावा पाय म्हणजे गेलेला पाय. धरायला काही नव्हतं आणि ती डुलतही नव्हती.

“ताई, अगं पडशील.”

“मी कुठे उभी राहिलेय?” ताई म्हणाली. “तेच राहिलेत. मी आपली वर आहे.”

मी हसले. तीही हसली, पण जरा उशिरा. तिला कडेवर घेतल्यासारखी धरून मी बाहेर आणली आणि पलंगावर बसवली. तिचा देह हलका लागला. इतकी वर्षं उचललेलं वजन मला चांगलं ठाऊक होतं. हे त्याच्या निम्मंही नव्हतं.

टब ओतून द्यायला गेले तर तळाशी गाळ होता. राखाडी, मेणासारखा मऊ, बोटानं उचलला तर बोटाला चिकटून राहणारा. माझ्या दगडाच्या पुडीचा रंग अगदी तोच. माझ्याच कपड्यांतून, केसांतून येत असणार. ती पूड आमच्या घरात पुस्तकांवर, भांड्यांवर, सगळीकडे सापडते. मी टब घासून धुतला. सकाळी पुन्हा गाळ होता.

५

मावशींनी काम सोडलं.

ताई बऱ्या झाल्या, आता तुम्हाला माझी काय गरज, असं म्हणून त्या सुटू बघत होत्या. मी चहा दिला, खोदून विचारलं, तेव्हा त्या हळू आवाजात बोलल्या.

“ताई गुणाच्या आहेत हो. मला काही त्रास नाही. पण त्या हलत नाहीत. मी ओट्याशी भांडी घासते ना, माझी पाठ असते त्यांच्याकडे. तर पाठीला कळतं, की मागे कुणीतरी अजिबात हलत नाहीये. आवाज आला तर माणूस वळून बघतो. आवाजच येत नाही म्हणून मी सारखी वळून बघते.” मग चहा अर्धा ठेवून त्या उठल्या. “आणि तुम्ही त्यांची मान बघितलीत का?” असं विचारून, माझ्या उत्तराची वाट न बघता त्या चपला घालून गेल्या.

मान मी बघितली नव्हती. त्या आठवड्यात तळघरात मी पक्ष्याची छाती ओलांडून मानेपर्यंत आले होते आणि माझं सगळं लक्ष तिकडे लागलं होतं. कारण आधी मोकळी केलेली हाडं बिघडायला लागली होती. वरून धड दिसायची, पण नखानं टकटक केलं की आतून रिकामा आवाज यायचा. मी मिस्त्रींना दाखवलं.

त्यांनी कान लावून ऐकलं. “पक्ष्याची हाडं पोकळच असतात गं.”

“इतकी?”

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. “माल गेलाय आतला,” ते म्हणाले. “कच्चं झालंय. काढलंस तेव्हा असं होतं का?”

काढलं तेव्हा तसं नव्हतं. काढलं तेव्हा ते पक्कं, जड, दगड झालेलं हाड होतं. त्यातलं काहीतरी निघून गेलं होतं. कुठे गेलं असेल याचा विचार मी मुद्दाम केला नाही. आपण थकलो आहोत, असं मी स्वतःला बजावलं. दोन वर्षांच्या जागरणानं माणसाला कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीला जोडता येते. पंखा फिरला की दुसऱ्या खोलीतला दिवा त्यामुळेच हलला असं वाटतं. मी ताईला हवी तशी कोरायला लागले आहे, एवढंच झालं असेल. असं ठरवून मी घरी गेले.

दुपारचीच वेळ होती. मावशी नव्हत्या म्हणून मी लवकर निघाले होते. ताई सकाळी मी सोडून गेले तशीच टबात उभी होती. खिडकीतलं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. ती मान गाऊनच्या गळ्यातून जिथे संपायला हवी होती तिथे संपत नव्हती. थोडं वर, मग थोडं मागे, मग पुन्हा पुढे, असं करत ती डोक्यापर्यंत जात होती. डोकं मात्र ताईचंच होतं. तिचा चष्मा, तिचे पांढरे केस, आणि तिचे डोळे, रडून लाल झालेले.

“मला बसव,” ताई म्हणाली. “सकाळपासून सांगतेय, बसा. ऐकत नाहीत. मला उभं राहून कंटाळा आला गं.”

६

त्या दिवशी आम्ही दोघी बाथरूममध्येच जेवलो. तिला बसवता आलं नाही. गुडघा वाकत होता, पण भलतीकडे. मी स्टूल घेऊन टबाशेजारी बसले आणि वर हात करून तिला सूप भरवलं.

“कुठवर आलात तुम्ही?” तिनं विचारलं.

“मान संपत आलीये. दोन मणके राहिलेत.”

“आणि मग?”

“मग डोकं.”

नळ थेंबथेंब गळत होता आणि प्रत्येक थेंबाला तिची पसरलेली बोटं पाण्याखाली जराशी आवळली जात होती. ते तिला कळत नव्हतं, मला दिसत होतं.

“हे बघ,” ताई म्हणाली, “मी काही खुळी नाही आणि तूही नाहीस. मला काय वाटतं ते मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. पण इथे खाली,” तिनं हनुवटीनं स्वतःच्या देहाकडे दाखवलं, “ह्यांना माझी ओळख नाही. मी आवाज दिला तर ते ऐकत नाहीत, पाण्यात काही हललं तर ऐकतात. माझं आता बोलणं तेवढं उरलंय. ते जाऊ देऊ नकोस. परत झोपून राहीन मी, हगमूत तुझ्या हातानं करीन, तुला शिव्या घालीन. पण ते जाऊ देऊ नकोस.”

मला तेव्हा फक्त दया यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिनं ‘परत झोपून राहीन’ म्हटलं आणि माझी कंबर आतून दुखली. पुन्हा ते उचलणं, पुन्हा ती जागरणं. हा विचार माझ्या मनात आला, राहिला, आणि मला त्याची लाज वाटावी इतका वेळ राहिला. मग मी उठून तिचं तोंड पुसलं.

“नाही जाऊ देणार,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं की कवटी पार भुसभुशीत आहे. पेन लावलं तर हाती नुसती पूड येईल. गोंद मुरवत ठेवलाय, काही महिने दगडाला कुणी हात लावायचा नाही. हे धादांत खोटं होतं. क्ष-किरणांच्या फोटोत कवटी लख्ख दिसत होती. मॅडमनी कपाळाला हात लावला, दालनाची तारीख तोंडावर आहे म्हणाल्या, पण माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. मी ठोकळ्यावर ओलं कापड टाकलं, त्यावर प्लास्टिक बांधलं आणि रजा मागितली.

त्याची गरजही नव्हती खरं तर. आमच्याकडे दुसऱ्याच्या दगडाला कुणी हात लावत नाही. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाहीत तसंच ते आहे. निघताना मिस्त्रींना मी फक्त म्हटलं, “घरी जरा अडचण आहे.”

“तू विश्रांती घे,” ते म्हणाले. “तोंड बघ तुझं. दगडाला जरा रंग बरा असतो.”

७

मी रजेवर आल्यापासून ताई आहे तिथे थांबली. आणखी काही बदललं नाही. ते पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी दिवसभर बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून तिच्याशी गप्पा मारायला लागले. तिचं बोलणं भरभरून होतं. थांबलो तर संपेल, अशा भीतीनं दोघी बोलत होतो बहुतेक. तिनं सगळ्या जुन्या शाळा काढल्या, सगळे हेडमास्तर काढले, आमच्या आईची नक्कल केली. मी तिच्यासाठी रोज टबातलं पाणी बदलायचे आणि तिच्या बोटांमधला गाळ धुऊन काढायचे.

त्या सकाळीही तेच करत होते. टबाशी गुडघे टेकून बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. ताई वरून शिट्टीची गोष्ट सांगत होती. रिले शर्यतीच्या दिवशी हेडमास्तरांनी हट्टानं तिची शिट्टी मागून घेतली होती आणि ऐन वेळी हसू फुटल्यामुळे ती त्यांच्या घशात अडकली होती, ही गोष्ट. मी ती शंभरदा ऐकली असेल.

“तर मैदानावर सगळी शाळा उभी,” ताई म्हणत होती, “पाहुणे खुर्चीत, आणि हे महाशय श्वास घेतील तेव्हा...”

खिशातला फोन वाजला. मी डाव्या हातानं काढून कानाला लावला. मिस्त्री होते.

“रागावू नकोस हं आधीच सांगतो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं फुलला होता. “मॅडम फार मागे लागल्या होत्या तुझ्या. म्हटलं, आपली पोरगी थकून मेली आहे, तिला कुठे परत बोलवायचं. कधी नाही ते तुझ्या दगडाला हात लावला.”

“मिस्त्री,” मी म्हणाले.

“ठणठणीत आहे गं डोकं. भुसभुशीत कुठे? तुझ्या डोळ्यांना काय झालंय? लोण्यातून सुरी फिरावी तसा दगड सुटला. चोच अख्खी आहे, टोकापर्यंत. डोळ्याच्या खोबणीत एवढीशी पूड राहिलीये, ती ब्रशनं काढतोय बघ.”

वर ताई सांगतच होती. “...श्वास घेतील तेव्हा बारीक शिट्टी वाजते, आणि पहिल्या रांगेतली मुलं वाजली वाजली म्हणून...”

“मिस्त्री, थांबा.”

“झालं,” मिस्त्री म्हणाले.

ताई बोलायची थांबली.

वाक्य तिनं अर्धं सोडलं, पण आठवत नाही म्हणून माणूस सोडतो तसं नाही. हातातली वस्तू तिथल्या तिथे खाली पडावी तसं. मी फोन जमिनीवर ठेवला. त्यातून मिस्त्रींचा बारीक आवाज येत राहिला, आवडलं का, काहीतरी बोल तरी, असं काहीसं.

“मग?” मी म्हणाले. पुढचं मला पाठ होतं. मुलं पळत सुटली होती, हेडमास्तर त्यांना थांबवायला त्यांच्यामागे शिट्टी वाजवत धावले होते आणि ताईनं त्यांच्या पाठीत गुद्दा घालून शिट्टी बाहेर काढली होती. “मग काय झालं, ताई?”

वर बघायला मला धीर गोळा करावा लागला. चेहरा तिचाच होता. चष्मा घसरून एका कानावर लोंबकळत होता आणि तिनं तो सावरला नाही. मग तिनं डोकं हळूहळू एका बाजूला वळवलं, इतकं, की मला तिचा एकच डोळा दिसू लागला. त्या डोळ्यात राग नव्हता, दुःख नव्हतं, मीही नव्हते. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्यावरून खाली उतरली आणि पाण्यावर थांबली.

माझा हात अजून पाण्यात होता. दगडाच्या पुडीनं पांढुरकी झालेली माझी बोटं गाळावर आपोआप हलत होती. ती मला थांबवावी लागली. मी ती थांबवली.

वर कसलाच आवाज नव्हता. हात काढायचा म्हणजे हलवायला हवा, एवढं मला समजत होतं. मी श्वास रोखला आणि जेवढं मला थांबता येईल तेवढं थांबले. तिला किती वेळ उभं राहता येतं ते मला माहीत होतं, आणि मी फार थकलेली होते.